लाखोळीचा दाणा आणि मेंदूची देवडी

मार्गशीर्ष सरत आला आणि बीदर व कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या टापूत, निर्ण्यासारख्या गावांच्या शिवारात, तुरीच्या शेंगा वाळून वाऱ्यासरशी खुळखुळू लागल्या, म्हणजे त्या मुलखातील कुणब्याच्या मनावरचे वर्षाचे अर्धे ओझे उतरते. १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तत्कालीन म्हैसूर राज्यात गेलेला हा प्रदेश कानडी, मराठी, दख्खनी उर्दू आणि तेलुगू अशा चार भाषांत एकाच बाजारात सौदे करतो. सरकारी दफ्तरांत त्याच्या हद्दी कितीही वेळा बदलल्या असोत, ताटातल्या वरणाबाबत मात्र त्याने कधी दुमत होऊ दिलेले नाही. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही गोष्ट जगाला नवी असली तरी येथल्या गृहिणीला तिच्यात नवे असे काही वाटले नसेल.

परंतु हीच गृहिणी, डाळ कितीही घरची असली तरी, ती सुपात घेऊन उजेडाशी बसल्यावाचून चुलीवर चढवत नाही. खडा, काडी, किडका दाणा एवढेच तिला काढायचे असते असे नव्हे. बाजारातून आणलेल्या डाळीत आणखी एक परका दाणा दडलेला असू शकतो आणि तो रंगाने तुरीसारखाच पिवळा असतो. तुरीची डाळ गोलसर, पाठीने फुगीर. हा दाणा चौकोनी अंगाचा, चपटा आणि एका बाजूस उतरता. विदर्भात त्याला लाख किंवा लाखोळी म्हणतात, उत्तरेकडे खेसारी अथवा तिवडा म्हणतात. आणि तो स्वस्त असल्यामुळे तुरीच्या डाळीत व बेसनात मिसळण्याचा मोह काही व्यापाऱ्यांना पिढ्यानुपिढ्या होत आलेला आहे. हाताच्या बोटांनी सुपात चाललेली ही निवड आणि अर्बुदापासून बनवलेल्या मानवी चेतापेशींवर प्रयोगशाळेत चाललेली एक अतिसूक्ष्म तपासणी, या दोहोंचा परस्परांशी फार जवळचा संबंध आहे, हे दाखवावे एवढ्यासाठीच प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे.

लाखोळी ही दुष्काळाची सोबतीण. पाऊस ओढ देवो की शेतात पाणी तुंबो, जिथे गहू आणि हरभरा हात टेकतात तिथे हे पीक तग धरते. म्हणूनच ज्या वर्षी दुसरे काहीही पिकत नाही त्या वर्षी गरिबाच्या पोटात तेच एक जाते. १८२९ पासून लागोपाठ तीन वर्षे सागर प्रांतात गव्हाचे पीक बुडाले आणि लोकांनी लाखोळीवर गुजराण केली, तेव्हा पुढच्या काही वर्षांत गावोगावची धडधाकट तरुण माणसे कमरेखाली लुळी पडू लागल्याची नोंद कर्नल स्लीमन या इंग्रज अंमलदाराने आपल्या १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात करून ठेवलेली आहे. या व्याधीचे स्वरूप मोठे चमत्कारिक आहे. बुद्धी शाबूत राहते, स्पर्शज्ञान शाबूत राहते, हात बहुधा काम करतात. केवळ पायांचे स्नायू ताठरतात, टाचा जमिनीला टेकेनाशा होतात, चालताना गुडघे कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर येतात. रोगाच्या पायऱ्याही वैद्यकाने काठ्यांवरून मोजल्या आहेत: प्रथम बिनकाठीचा, मग एका काठीचा, मग दोन काठ्यांचा आणि शेवटी सरपटत जाणारा. स्त्रियांपेक्षा पुरुषांना, आणि त्यातही कष्टकरी तरुणांना तो अधिक गाठतो. चार-दोन दिवस लाखोळी खाल्ल्याने तो होत नाही; दोन-तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ आहाराचा मोठा हिस्सा तिचाच असेल तेव्हाच तो होतो. म्हणजे दाण्याइतकीच, किंबहुना दाण्याहूनही अधिक, दुसरे काही न मिळणे ही स्थिती त्याला जबाबदार असते.

सरकारने १९६१ साली या डाळीच्या विक्रीवर बंदीचा कायदा केला, पण त्याची अंमलबजावणी राज्याराज्यांवर सोपवली गेल्यामुळे कुठे हुकूम बजावला गेला, कुठे तो कागदावरच राहिला. आणि बंदीमुळे उजळ माथ्याने होणारी विक्री थांबली तरी भेसळ काही थांबली नाही. इकडे कायद्याची ही ओढाताण चालू असतानाच बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. एस. शर्मा, एस. एल. एन. राव आणि पी. आर. अडिग या तिघा रसायनवेत्त्यांनी या दाण्यातील विष वेगळे काढून त्याची रचना निश्चित केली. १९६४ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे हे संशोधन भारतीय जीवरसायनाच्या इतिहासातील एक मानाचे पान आहे. त्या विषाचे पूर्ण नाव उच्चारताना जीभ अडखळावी एवढे लांब असल्यामुळे जगभर ते 'ओडॅप' या आद्याक्षरी नावानेच ओळखले जाते. कोवळ्या कोंबडीच्या पिलांना ते टोचले असता त्यांची मान मागे वळून त्यांना झटके येतात, हे त्या संशोधनात दिसून आले. पण पायांचे बळ हरण करणारे हे विष चेतापेशींशी नेमके कोणत्या दाराने व्यवहार करते, या प्रश्नाचे उत्तर मिळायला पुढची वीस-पंचवीस वर्षे जावी लागली.

त्या उत्तराची किल्ली स्वयंपाकघरातच होती. १९०८ साली तोक्यो येथील किकुनाए इकेदा या रसायनवेत्त्याने समुद्रशैवालाच्या कढणातील रुचकरपणाचे मूळ शोधता शोधता ग्लुटामेट नावाचे लवण हाती घेतले आणि त्यातून पुढे अजिनोमोटोचा धंदा जगभर पसरला. ग्लुटामेट हे काही जपान्यांचे खास द्रव्य नव्हे. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी ते एक असल्याने तुरीच्या वरणात, टोमॅटोच्या सारात, दुधात, मांसात, सर्वत्र ते आहेच. १९५० च्या दशकाच्या आरंभी हायाशी या जपानी शरीरशास्त्रज्ञाने कुत्र्याच्या मेंदूवर ग्लुटामेट सोडले असता त्याला आकडी आली, आणि त्याच दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे कर्टिस, फिलिस आणि वॉटकिन्स यांनी मज्जारज्जूतील एकेका पेशीवर ते सोडून ती पेशी तत्क्षणी उद्दीपित होते असे दाखवले. इतके सर्वसामान्य, इतके सर्वत्र आढळणारे द्रव्य मेंदूत निरोप्याचे काम करत असेल यावर तेव्हाच्या शास्त्रज्ञांचा सहजासहजी विश्वास बसेना. आज मात्र मेंदूतील बहुतांश उत्तेजक संदेश ग्लुटामेटच पोहोचवते, हे पाठ्यपुस्तकातील वचन झाले आहे. ओडॅपचा रेणू ग्लुटामेटच्या रेणूशी तसाच मिळताजुळता आहे, जशी लाखोळी तुरीशी. आणि आपल्या चेतापेशीजवळ सूपही नाही आणि निवडणारी बोटेही नाहीत.

चेतापेशीच्या पृष्ठभागावर ग्लुटामेटला ओळखणारी जी प्रथिने असतात त्यांना ग्राही म्हणतात, आणि त्यांचे काम देवडीवरील पहारेकऱ्यासारखे असते: ओळखीची मुद्रा दाखवली की दार उघडायचे आणि विद्युत्भारित कणांना आत सोडायचे. या देवड्यांचे तीन मुख्य प्रकार, आणि त्यांना मिळालेली नावे त्यांना उघडणाऱ्या कृत्रिम अथवा परक्या द्रव्यांवरून पडलेली: आम्पा, कैनेट आणि एनएमडीए. यांपैकी कैनेट हे आम्ल जपानात जंतांवर औषध म्हणून वापरल्या जाणाऱ्या एका समुद्रशैवालातून मिळाले. आम्पा ही साधी देवडी; ग्लुटामेट आले की ती क्षणार्धात उघडते आणि क्षणार्धात मिटते. एनएमडीएची रचना मात्र बीदरच्या किल्ल्याची आठवण करून देणारी आहे. शहराच्या बाजूने त्या किल्ल्यात शिरू पाहणाऱ्याला व्याघ्रशिल्पे कोरलेला शर्झा दरवाजा ओलांडला म्हणजे आत पोहोचलो असे वाटते, तोच समोर गुंबद दरवाजा उभा ठाकतो. तसेच येथे ग्लुटामेट आले तरी भागत नाही, त्याच्या जोडीला ग्लायसीन हे दुसरे द्रव्य लागते, आणि ही दोन्ही हजर असली तरी त्या मार्गाच्या तोंडाशी मॅग्नेशियमचा एक आयन बुचासारखा बसलेला असतो, तो पेशी आधीच पुरेशी उद्दीपित झाल्याखेरीज हटत नाही. मॅग्नेशियमचे हे कार्य १९८४ साली पॅरिस आणि अमेरिका येथील दोन स्वतंत्र संशोधकगटांनी उघडकीस आणले. दोन घटना एकाच वेळी घडल्या तरच उघडणारे हे दार असल्यामुळे मेंदू त्याचा उपयोग एका गोष्टीचा दुसरीशी संबंध जोडण्यासाठी, म्हणजेच शिकण्यासाठी आणि स्मरणासाठी करतो. आणि त्यातून आत येणारा कॅल्शियम हा त्या जोडणीचा शिक्कामोर्तब करणारा कारभारी असतो.

पण कारभारी गरजेपुरते असावेत. त्यांची फौज वाड्यात शिरली तर वाडाच बसतो. १९६९ साली जॉन ओल्नी या अमेरिकन वैद्याने नवजात उंदरांना ग्लुटामेटची मोठी मात्रा टोचून त्यांच्या मेंदूतील काही पेशी फुगून मरतात असे दाखवले, आणि अतिउत्तेजनाने होणाऱ्या या पेशीमृत्यूला एक स्वतंत्र नाव देऊन एक नवे प्रकरणच उघडले. पुढे डेनिस चोई यांनी उंदराच्या मेंदूपटलातील पेशी काचपात्रात वाढवून पाहिले, तेव्हा अवघी पाच मिनिटे ग्लुटामेटमध्ये ठेवलेल्या पेशी दुसऱ्या दिवसापर्यंत मोठ्या प्रमाणावर मरून पडत आणि या मृत्यूला मुख्यतः आत घुसलेला कॅल्शियम जबाबदार असे. पक्षाघाताच्या झटक्यात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की तेथील पेशींना ग्लुटामेट आवरून धरता येत नाही, ते बाहेर सांडते आणि शेजारच्या पेशींना मारत सुटते. लाखोळीच्या विषाची रीत निराळी: ते उपऱ्यासारखे बाहेरून येते, मुख्यतः आम्पाच्या देवडीवर ग्लुटामेटची मुद्रा दाखवते आणि दार उघडायला लावते.

हे सर्व इतक्या निश्चयाने सांगता येते ते रोधकांमुळे. रोधक म्हणजे ग्राहीचे दार न उघडता ते अडवून धरणारे द्रव्य. ब्रिस्टल येथे वॉटकिन्स यांनीच १९८० च्या सुमारास एपी-५ नावाचे रोधक सिद्ध केले, जे केवळ एनएमडीएच्या देवडीवर काम करते. पुढे एमके-८०१ हे त्याच देवडीच्या आतल्या मार्गात अडकून बसणारे रोधक मिळाले. आणि आम्पाच्या देवडीसाठी डेन्मार्कमधील औषधशास्त्रज्ञांनी सीएनक्यूएक्स व एनबीक्यूएक्स ही जोडी तयार केली. गुन्ह्याच्या तहकिकातीत ज्याप्रमाणे एकेक दरवाजा कुलूपबंद करून चोर कोणत्या वाटेने शिरला हे ठरवता यावे, त्याप्रमाणे एकेक ग्राही रोधून विष कोणत्या वाटेने शिरते ते पाहता येते. एनएमडीएचे दार बंद केले तरी ओडॅपचे काम बहुतांश चालूच राहते, आम्पाचे दार बंद केले की ते थांबते. एवढ्या एका निरीक्षणाने दीडशे वर्षांच्या एका कोड्याचा उलगडा झाला. १९९० च्या दशकात बंगलोरच्याच निम्हान्स या संस्थेत विजयालक्ष्मी रवींद्रनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून आणखी एक पाऊल पुढे टाकले: हे विष पेशीतील ऊर्जेच्या भट्टीचा, म्हणजे तंतुकणिकेचा, एक महत्त्वाचा भाग निकामी करते, आणि गंधकयुक्त रक्षक द्रव्ये दिल्यास ती हानी बरीच टळते. एका दुष्काळी दाण्याचे गूढ उकलताना कर्नाटकाच्या राजधानीतील दोन संस्थांनी तीस वर्षांच्या अंतराने दोन टोके जोडली, ही गोष्ट निर्ण्याच्या वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे.

तथापि, एक शंका कोणत्याही चोखंदळ माणसाच्या मनात येईल. कोंबडीचे पिल्लू आणि उंदीर यांची साक्ष माणसाबद्दल कितपत ग्राह्य धरावी? प्रौढ उंदराच्या अंगी ओडॅप सहसा लागत नाही आणि माणसाला लागते, एवढा फरक तर उघडच आहे. मानवी चेतापेशी मिळवाव्यात म्हटले तर ज्याचा मेंदू शाबूत आहे त्याच्याकडून त्या घेता येत नाहीत; शिवाय यकृताची अथवा त्वचेची पेशी जशी दुभंगून वाढते तशी पक्व चेतापेशी दुभंगत नाही, त्यामुळे एकीच्या शंभर करणे अशक्य. जी पेशी पक्व होऊन वाढणे सोडते ती संशोधकाच्या हाती येत नाही. आणि जी हाती येते, जी अमर्याद वाढत राहते, ती असते कर्करोगाची. विज्ञानाने या दोन दुर्गुणांचा मेळ घालून एक उपयुक्त गोष्ट निर्माण केली, आणि त्या कथेचा एक धागा मुंबईच्या परळ भागातूनही जातो.

परळ येथे १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर हे भारतातील विकृतिविज्ञानाचे जनक मानले जातात. आणि त्यांच्या शिष्यवर्गातील अग्रणी डॉ. कमल रणदिवे या होत. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या, हुजूरपागा आणि फर्ग्युसन येथे शिकलेल्या या विदुषींनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवल्यावर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या हाताखाली ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे शरीराबाहेर काचपात्रात पेशी जिवंत ठेवून वाढवण्याचे, शिक्षण घेतले. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतील पेशी तिच्या संमतीवाचून घेतल्या गेल्या आणि 'हेला' या नावाने जगभर पोहोचल्या. त्या पेशी आजही वाढत आहेत आणि त्या स्त्रीवर झालेल्या अन्यायाची आठवणही त्यांच्याबरोबर आजतागायत जिवंत आहे. रणदिवे यांनी परत येऊन मुंबईच्या केंद्रात भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९७३ साली त्यांनी भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला आणि १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आज पुण्याच्या विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या पेशीभांडारातून देशभरच्या प्रयोगशाळांना माणसाच्या व प्राण्यांच्या गाठींचे पेशीवंश पाठवले जातात, त्या व्यवहाराला जी परंपरा लाभली आहे तिची मुळे परळच्या त्या काचपात्रांत आहेत.

अशा पेशीवंशांपैकी प्रस्तुत विषयाला सर्वाधिक उपयोगी पडला तो एनटी-२. एका तरुणाच्या वृषणातील अर्बुद त्याच्या फुप्फुसांत पसरले होते, त्या गाठीतून हा वंश मूळ निघाला. या जातीचे अर्बुद मोठे विलक्षण: त्यातील पेशी गर्भाच्या आरंभीच्या पेशींप्रमाणे अनिश्चित असतात, त्यामुळे अशा गाठीत कधी केस, कधी दात, कधी कूर्चा सापडते, जणू काही एखाद्या कारागिराने ओळीने सर्व शिकण्याचा हट्ट धरून एकही काम धडपणे पुरे केले नसावे. १९८४ साली फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत पीटर अँड्र्यूज यांनी या पेशींना रेटिनॉइक आम्ल, म्हणजे जीवनसत्त्व 'अ' पासून शरीरात बनणारे एक द्रव्य, दिले असता त्यांच्यापैकी काही चेतापेशी बनतात असे दाखवले. गाजरात आणि शेवग्याच्या पाल्यात ज्याचा पूर्वज असतो, त्याच द्रव्याच्या हुकमाने वेडीवाकडी वाढणारी पेशी शहाणी होऊन वाढणे सोडते, हा निसर्गातला एक मनोहर प्रसंग आहे.

पण ही रूपांतरे एकसारखी होत नाहीत. चार-पाच आठवडे आम्लाच्या सान्निध्यात राहूनही काही पेशी गाठीच्याच राहतात, काही भलत्याच काही होतात. १९९२ साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठात सॅम्युअल प्लेझर, व्हर्जिनिया ली आणि त्यांचे सहकारी यांनी या गोंधळावर जी तोड काढली ती, साध्या भाषेत, निवडण्याचीच होती: वाढलेल्या पेशी पुनःपुन्हा हलवून चिकटणाऱ्या वेगळ्या करायच्या, आणि दुभंगणाऱ्या पेशींना मारणारी औषधे देऊन जी दुभंगत नाही तेवढीच चेतापेशी शिल्लक ठेवायची. हाती उरलेल्या पेशींतील जवळजवळ सर्वच मानवी चेतापेशी असत. दांडे फुटलेल्या, शाखा पसरलेल्या, एकमेकींशी संधी बांधणाऱ्या आणि पुन्हा कधीही न दुभंगणाऱ्या. ज्या बोटांनी लाखोळी उचलून टाकावी त्याच न्यायाने येथे अर्बुद बाजूला टाकले गेले होते.

या पेशींना कामाला लावल्यावर ग्लुटामेटच्या शास्त्राला मानवी साक्षीदार मिळाला. १९९३ साली असे दिसून आले की चेतापेशी होण्यापूर्वी ज्या ग्लुटामेट-देवड्या कार्यक्षम नव्हत्या त्या रूपांतरानंतर प्रकट होतात, एनएमडीएच्याही आणि इतर जातींच्याही. म्हणजे विषासाठी दार आधी नव्हते, पेशी चेतापेशी झाली तेव्हाच तिने ते बांधले. १९९५ साली त्याच विद्यापीठातील दुसऱ्या एका गटाने या पेशींवर ग्लुटामेट सोडून त्या मरतात हे दाखवले, एनएमडीएच्या रोधकांनी तो मृत्यू टळतो हे दाखवले, आणि सर्वांत चटका लावणारी गोष्ट अशी की मारा होऊन गेल्यावर काही वेळाने रोधक दिले तरी पेशी वाचवता येतात हेही दाखवले. पक्षाघाताच्या रोग्याला दवाखान्यात पोहोचायला वेळ लागतोच. तेव्हा मरणाच्या या प्रक्रियेला हळूहळू चालण्याची सवय असेल तर वैद्याच्या हाती काही घटका उरतात, या आशेचा आधार त्या मानवी पेशींत होता.

पुढची हकिकत मात्र आशेला न शोभणारी आहे. एनएमडीएचे रोधक पक्षाघाताच्या रोग्यांवर वापरून पाहण्यासाठी मोठमोठ्या चाचण्या झाल्या. सेल्फोटेल नावाचे औषध मानसिक दुष्परिणामांमुळे आणि लाभ न दिसल्यामुळे १९९० च्या दशकात थांबवावे लागले, गॅव्हेस्टिनेलच्या चाचण्यांत २००० च्या सुमारास फायदा आढळला नाही. १९८६ साली रिचर्ड मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की एपी-५ दिलेला उंदीर पाण्यातील बुडालेला पाट शोधण्यास शिकू शकत नाही. म्हणजे विषाचे दार बंद केले म्हणजे स्मरणाचेही दार बंद होते, कारण ते दार एकच. आणि ज्या ओल्नी यांनी ग्लुटामेटच्या अतिरेकाने पेशी मरतात हे दाखवले त्यांनीच १९८९ साली असेही दाखवले की एमके-८०१ सारखे जबर रोधक स्वतःच उंदरांच्या मेंदूतील काही पेशींना इजा करते. बाहेरून पाहता येथे वैद्यकाचा पराभव झाला. पण तो पराभव मला १९६१ च्या बंदीशी एका रांगेत बसणारा वाटतो. भुकेल्या माणसासमोरील एकुलता एक दाणा काढून घेण्याने भूक मिटत नाही, आणि स्मरण ज्या देवडीतून येते तीच बंद करण्याने मेंदू वाचत नाही. बंदी हा निवडीला पर्याय होऊ शकत नाही.

निसर्गाने हे धोरण आधीच आखून ठेवलेले होते. मॅग्नेशियमचा जो आयन एनएमडीएच्या तोंडाशी बुचासारखा बसतो तो पेशी शांत असताना दार रोखतो आणि ती खऱ्या अर्थाने उद्दीपित झाल्यावर वाट सोडतो. म्हणजे तो हुकमाचा पहारेकरी नसून प्रसंगाचा पहारेकरी आहे. मेमंटाइन हे औषध जवळजवळ याच तत्त्वावर चालते. १९६० च्या दशकात मधुमेहावरील औषध म्हणून तयार झालेले आणि त्या कामी निरुपयोगी ठरलेले हे द्रव्य मार्गात शिरते, परंतु तिथे घट्ट रुतून न बसता चटकन बाहेर पडते. त्यामुळे अखंड गळणारे दार ते रोखते आणि क्षणभर उघडून मिटणाऱ्या दाराच्या आड येत नाही. स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर रोगावर त्याला युरोपात २००२ साली आणि अमेरिकेत २००३ साली मान्यता मिळाली. तो रोग ते बरा करत नाही, काही रोग्यांत त्याची लक्षणे मात्र किंचित सौम्य होतात. गुंगी आणणारे केटामाइन हेही याच देवडीचे रोधक, हे १९८३ साली कळले. तेव्हापासून त्या औषधाकडे पाहण्याची दृष्टी बदलत गेली.

आता अर्बुदजन्य साक्षीदाराच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तो मानवी असला तरी त्याचा जन्म गाठीत झालेला आहे, त्याची गुणसूत्रे विस्कळीत आहेत, आणि तो चेतापेशी झाला तरी मेंदूतील प्रौढ चेतापेशीपेक्षा कोवळ्या पेशीशी अधिक जवळचा राहतो. तेव्हा त्याचा शब्द म्हणजे मेंदूचाच शब्द, असे समजणे धोक्याचे. तरीही त्याची ग्वाही किती गंभीरपणे घेतली गेली हे पिट्सबर्ग येथे १९९८ साली कळले, जेव्हा पक्षाघाताने मेंदूचा भाग गमावलेल्या बारा रोग्यांच्या मेंदूत अशाच पेशींचे रोपण करण्यात आले. त्यांतील एका रोग्याचा पुढे सव्वादोन वर्षांनी हृदयविकाराने मृत्यू झाल्यावर तपासणीत त्या पेशी जिवंत सापडल्या, आणि गाठ उत्पन्न झालेली नव्हती. ती मोठी क्रांती ठरली नाही. पण निवडलेल्या पेशी निवडलेल्याच राहिल्या, एवढे खरे. २००७ साली यामानाका यांनी प्रौढ माणसाच्या त्वचेतील पेशींना पुन्हा अनिश्चित अवस्थेत नेण्याची युक्ती मानवी पेशींवर सिद्ध केल्यानंतर अर्बुदावर अवलंबून राहण्याची गरज बरीच कमी झाली, हेही इथे नोंदवले पाहिजे. पण त्या नव्या मार्गालाही पेशी वाढवणे, बदलणे आणि निवडणे हे तीनही धडे जुन्या गाठीनेच शिकवले.

लाखोळीचे काय झाले, हे सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. विष दाण्यात सामान्यतः शेकडा एकाच्या आतबाहेर असते, आणि ते पाण्यात उतरते. म्हणून डाळ भिजवून, उकळून, ते पाणी टाकून दिल्यास त्याचे प्रमाण पुष्कळ घटते. पैदासकारांनी कमी ओडॅप असलेली रतन, प्रतीक, महातिवरा यांसारखी वाणे तयार केली. महाराष्ट्राने पुढे आपल्या हद्दीतील बंदी उठवली. म्हणजे जो प्रश्न कायद्याच्या एका फटकाऱ्याने सुटला नाही तो शेवटी स्वयंपाकघरातील पाणी, शेतातील बियाणे आणि प्रयोगशाळेतील रेणू यांच्या तिहेरी निवडीने सुटण्याच्या मार्गाला लागला.

निर्ण्याच्या कोण्या घरात दुपारच्या उन्हाला सूप घेऊन बसलेली बाई आपण विज्ञान करतो आहोत असे कधी म्हणणार नाही, आणि तिने म्हणूही नये. पण तिची नजर ज्या क्षणी चौकोनी अंगाच्या एका पिवळ्या दाण्यावर थांबते आणि बोट तो बाजूला सारते, त्या क्षणी ती जे करते ते पेनसिल्व्हानियाच्या काचपात्रात अर्बुदापासून चेतापेशी वेगळी करणाऱ्याहून तत्त्वतः निराळे नसते. ती तूर फेकून देत नाही, सूप उपडे करत नाही. ती तेवढाच एक दाणा उचलते आणि बाकीची डाळ आधणाला चढवते.